नऊचा फरक माझा, आठचा मशीनचा

अप्पांनी १९७९ च्या जूनपासून २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत आमच्या खळ्यात पडणारा पाऊस रोज मोजला. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. देवगड तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं घर, पुढे पडवी, पडवीपुढे खळं, आणि खळ्याच्या वायव्य कोपऱ्यात, माडांपासून लांब, त्यांचा पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला ते छत्री घेऊन जायचे, नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचे आणि आत येऊन हात पुसल्याशिवाय वहीला हात लावायचे नाहीत. हवामान खात्याचा पावसाचा दिवससुद्धा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असाच धरतात. अप्पांनी ती वेळ पस्तीस वर्षं पाळली. ताप असला तर आई जायची, पण आकडा तेच लिहायचे.

ते गेल्यावर वह्या ट्रंकेत होत्या. कोकणात ट्रंकेतलं कागदाचं आयुष्य किती, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. पावसाळ्यात कापराच्या वड्या टाका, कडुनिंबाचा पाला टाका, वाळवी आणि बुरशी आपापली वाट काढतातच. म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत मी ठरवलं की सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून काढायच्या. फोटो काढून ठेवलेच होते, पण फोटोतल्या आकड्यांची बेरीज करता येत नाही. एक साधी टेक्स्ट फाइल केली. एका ओळीत तारीख आणि मिलिमीटर, एवढंच. अप्पांचे आकडे देवनागरी, म्हणून मीही देवनागरीच टाइप केले. याचं पुढे फार महत्त्व झालं, तेव्हा मात्र तो नुसता जिव्हाळा होता.

मार्चपासून मशीन बंद पडायला लागलं.

आमचा डेस्कटॉप जोडून घेतलेला. २०१८ मध्ये घेतला तेव्हा आठ जीबीची एक रॅम होती, २०२१ मध्ये आणखी एक आठ जीबीची पट्टी दुसऱ्या एका दुकानातून आणून बसवली होती. काही वर्षं तक्रार नव्हती. आता अचानक निळा पडदा यायचा. कधी त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं लिहिलेलं, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी तिसरंच काही. कधी पडदाही नाही, ब्राउझर तेवढा मिटायचा. दोन दिवस काहीच नाही, मग एका दुपारी तीनदा. आई माजघरातून विचारायची, “परत बंद पडलो?” आणि मी पडवीत जाऊन उभा राहायचो.

पहिला संशय लाइटवर गेला. इथे तो जाणारच. आंब्याची फांदी तारेला लागली तरी दिवे थरथरतात, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हाचा काळोख अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. यूपीएसची बॅटरी बदलली. फरक पडला नाही. मग विंडोज नव्याने टाकायला घेतलं, तर टाकतानाच मध्ये अडकलं. फाइल खराब आहे म्हणालं. तीच पेनड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपवर नीट चालली. ही खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती. दाबून लहान केलेल्या फाइलीसोबत तिची एक पडताळणीची बेरीज असते. फाइल उलगडताना रॅममध्ये एक जरी बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच सर्वांत लहान नोंद, बदलला तरी बेरीज जुळत नाही आणि मशीन फाइलीला दोष देतं. फाइल चांगली असते, ती जिथे उलगडली ती जागा वाईट असते.

दुसरा संशय शेजारच्या काकांनी दिला. “खारो वारो रे, दुसरा काय! माझो पंपय तसोच गेलो.” खाऱ्या हवेवर आम्ही किनाऱ्यावरची माणसं सगळं घालतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. खिडकीचे गज, सायकलची साखळी, गॅसची शेगडी, सगळ्याला तो वारा खातो. मी कॅबिनेट उघडलं. पंख्यावर कापसासारखी चिकट धूळ बसली होती, स्क्रूंना तांबूस डाग होते. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, माझ्याकडच्या डीडीआर४ जातीच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून २८८. त्यांच्यावर एक मंद झाक आली होती. दुकानातली मुलं त्या खोडरबराने घासतात, मीही पूर्वी घासल्या आहेत. पण सोन्याचा तो मुलामा फार पातळ असतो आणि घासण्याने झिजतो, म्हणून या खेपेला औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, सुती फडक्याने अलगद पुसलं, वाळू दिलं, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ वाजेपर्यंत पट्ट्या दाबून बसवल्या. चार दिवस मशीन चाललं. मला वाटलं, झालं. पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा निळा पडदा.

पुसल्यामुळे चार दिवस चाललं असं मी धरून चाललो होतो. खरं कारण वेगळं होतं. त्या चार दिवसांत आकाश भरून आलं होतं, वळवाचे दोन शिडकावे झाले होते आणि हवा थंड होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी काही लिहून ठेवत नव्हतो. अप्पांच्या तीन हजारांहून जास्त नोंदी रोज समोर ठेवून टाइप करणारा मी, स्वतःच्या मशीनच्या बिघाडाची एक ओळ लिहीत नव्हतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एक वही घेतली. अप्पांच्या वहीसारखेच रकाने आखले. तारीख, वेळ, काय चालू होतं, लाइट होती की यूपीएस, आणि खोलीतलं तापमान. अप्पांचा जुना तापमापक पडवीतून काढून टेबलाशी टांगला. तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. सतरापैकी पंधरा दुपारी एक ते साडेचारच्या मधल्या, आणि त्या पंधराही वेळा खोलीत तेहतीस अंशांच्या वर. सकाळी कितीही तास काम केलं तरी काही नाही.

आता रात्रभरच्या तपासण्या का निष्फळ गेल्या तेही कळलं. विंडोजमध्ये मेमरी तपासायचं एक साधन असतंच, ते मी चालवलं होतं. दोष नाही म्हणालं. त्यानंतर मेमटेस्ट८६ लावलं होतं. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये पहिल्यांदा लिहिलेला हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू होतो, विंडोजला मध्ये येऊच देत नाही, आणि रॅममध्ये ठरावीक नमुने लिहून तेच परत वाचता येतात का ते पाहतो. सोळा जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून मी तो रात्री जेवण झाल्यावर लावायचो. पहाटे सगळं हिरवं. आमच्याकडे रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, खोली गार होते. मी नेमकी दोष झोपलेला असताना त्याची झडती घेत होतो.

मे महिन्याच्या एका दुपारी, पावणेदोनला, खिडक्या बंद करून मेमटेस्ट८६ लावलं. चाळीस मिनिटांत पहिली लाल ओळ आली. मग आणखी. प्रत्येक ओळीत पत्ता, काय असायला हवं होतं आणि काय सापडलं. पत्ते सगळे एकमेकांच्या आसपास, आणि फरक प्रत्येक वेळी एकच: जिथे शून्य लिहिलं तिथे आठ वाचलं जात होतं. कॉम्प्युटर प्रत्येक संख्या शून्य-एकांत लिहितो आणि त्यांच्या जागा एक, दोन, चार, आठ अशा असतात; म्हणजे आठच्या जागेचा बिट शून्याचा एक होत होता.

यानंतरचं काम चिकाटीचं होतं, त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली पट्टी एकटी, दोन दुपारी: स्वच्छ. त्याच खाचेत दुसरी पट्टी एकटी: लाल. तीच दुसऱ्या खाचेत: लाल. दोष पट्टीबरोबर फिरला, खाचेबरोबर नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, जाऊन रॅमचा वाढीव वेग काढून मूळ वेगावर आणून पाहिलं, तरी लाल. पाच दुपारी गेल्या. दोन्ही पट्ट्या एकदम काढून नव्या आणल्या असत्या तर अर्ध्या दिवसात सुटलो असतो, पण मग कशाने बिघडलं ते कधीच कळलं नसतं, आणि मला ते कळायला हवं होतं. कारण तोपर्यंत दुसरीच भीती मनात शिरली होती.

ती भीती समजायला रॅम आठवणी कशी धरते ते पाहावं लागेल. आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये कल्पना सुचली की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढंच पुरे. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजही आपल्या घरातल्या रॅमची रचना मुळात तीच आहे. कपॅसिटर म्हणजे विजेचा सूक्ष्म रांजण समजा. पण हा रांजण गळका आहे. भरून ठेवला तरी आपोआप रिता होत जातो. म्हणून प्रत्येक रांजण ठरावीक काळात वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये ही मुदत साधारण ६४ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. आठ जीबीच्या पट्टीत असे रांजण किती? ६,८७१ कोटींच्या वर. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या मशीनमध्ये ही पाणक्याची फेरी अखंड चालू आहे.

उष्णता वाढली की गळती वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर भरण्याची फेरी दुप्पट वेगाने करावी, असं या रॅमच्या मानकातच आहे. माझी पट्टी तेवढी तापत नव्हती. पण तिच्यातले काही मोजके रांजण इतरांपेक्षा जास्त गळके होते, आणि मेमधल्या दुपारी, पंखा धुळीने गुदमरलेला असताना, पुढची फेरी येण्याआधीच ते रिते होत. रितं झाल्यावर शून्याचा एक कसा होईल, असं कुणी विचारेल. मीही तिथे अडलो होतो. चिपमधल्या काही ओळींत उलटी रीत असते: भरलेला रांजण म्हणजे शून्य, रिकामा म्हणजे एक. माझे गळके रांजण त्या ओळींतले असणार.

अंतराळातून येणाऱ्या किरणांनी किंवा चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांनी रॅममधला बिट उलटतो, हे मी वाचलं होतं. इंटेलच्या लोकांनी १९७८ च्या सुमारास दाखवून दिलं की वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण बिट बदलू शकतात. ते वाचून काही दिवस मला ते कारण आवडलंही होतं. पण तशी चूक एकदाच होते आणि पुढच्या वेळी भलतीकडे होते. त्याच पत्त्यावर परत परत येत नाही. गुगलच्या हजारो सर्व्हरांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चूक आढळली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच चुका अशा आकाशातून पडलेल्या नसून पट्टीतल्या कायमच्या दोषाच्या होत्या. त्या अभ्यासात तापमानाचा परिणाम मात्र फारसा दिसला नव्हता. ती गार खोल्यांतली यंत्रं होती, आणि इथे प्रश्न पत्र्याखाली तापणाऱ्या एका आजारी पट्टीचा होता.

आता भीतीबद्दल. निळा पडदा येतो तेव्हा मशीन आपल्याला सांगत असतं की काहीतरी चुकलं, मी थांबतो. चुकलेला बिट विंडोजच्या एखाद्या कळीच्या जागी पडला म्हणून ते कळलं. पण तोच बिट माझ्या फाइलीतल्या आकड्यावर पडला असेल तर? तेव्हा मशीन थांबणार नाही. निमूटपणे तो आकडा डिस्कवर लिहील, आणि पुढे तोच अप्पांचा आकडा म्हणून राहील. इतके दिवस मी मशीन बंद पडतं म्हणून चिडत होतो. आता वाटायला लागलं, जेव्हा जेव्हा ते बंद पडलं नाही, तेव्हाचं काय?

मी बसून कोष्टक काढलं. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी शून्याच्या क्रमांकात आठच्या जागेचा बिट शून्य आहे. एकच्या क्रमांकातही तसंच. दोनपासून नऊपर्यंत बाकी आठही आकड्यांत तो बिट आधीच एक आहे. म्हणजे माझ्या पट्टीचा दोष दोनपासून नऊपर्यंतच्या आकड्यांना हात लावूच शकत नव्हता. पण शून्याचा तो आठ करत होता आणि एकचा नऊ. दोन्ही वेळा अगदी सरळ दिसणारा, कुठेही न खटकणारा आकडा. इंग्रजी आकडे टाइप केले असते तर दोन ते सातच्या जागी विरामचिन्हं किंवा भलतीच खूण उमटली असती आणि निदान डोळ्याला टोचली असती.

तोवर २००१ सालापर्यंत टाइप झालं होतं. तेवीस वर्षं, दर वर्षी जून ते ऑक्टोबर, ३,५१९ दिवस. ते सगळे पुन्हा वहीशी ताडून पाहायचे म्हटल्यावर मी एक दिवस नुसता बसून राहिलो.

मार्ग अप्पांनीच ठेवला होता. प्रत्येक महिन्याच्या पानाखाली त्यांनी लाल शाईने ‘एकूण’ लिहिलेलं आहे. ती बेरीज ते दोनदा करायचे, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि दोन्ही जुळल्या की शेजारी बारीक बरोबरची खूण. लहानपणी मी पाहिलंय. खालून वर जाताना त्यांचे ओठ हलायचे. मला ती तेव्हा मास्तरांची सवय वाटायची. सर्व्हरमधली महागडी रॅम नेमकं हेच करते. मूळ बिटांबरोबर काही जादा पडताळणीचे बिट ठेवते आणि न जुळल्यास चुकलेला बिट शोधून दुरुस्तही करते. बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी लावून ठेवलेली गणितं चूक सापडताच मशीनने सोडून दिलेली पाहून वैतागायचे. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये, या प्रश्नातून त्यांची पद्धत निघाली, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. घरच्या बहुतेक डेस्कटॉपांत ही सोय नसते. खर्च वाचतो म्हणून आपल्याला कुणी ती देत नाही, आणि आपणही मागत नाही. मला हे चुकीचं वाटतं. घरच्या कॉम्प्युटरवर लोक आपली सातबाराची नोंद, मुलांचे फोटो, आयुष्यभराचा हिशेब ठेवतात. ते सर्व्हरमधल्या मजकुरापेक्षा हलकं कसं?

भाच्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. पायथनला देवनागरी आकडे थेट समजतात, काही बदलावं लागलं नाही. ११५ महिन्यांच्या बेरजा अप्पांच्या लाल आकड्यांशी ताडल्या. १०६ जुळल्या. नऊ जुळल्या नाहीत.

त्या नऊपैकी चारांत फरक नऊच्या पटीत होता: ४५, ९, ३६, पुन्हा ९. जुने हिशेबनीस हे जाणतात की दोन आकड्यांची अदलाबदल झाली, ७२ चे २७ झाले, की फरकाला नऊने भाग जातो. त्या चारही चुका माझ्या बोटांच्या. आणखी दोन महिन्यांत मी एकेक ओळ गाळली होती. राहिले तीन.

जुलै १९८३ मध्ये फरक ८०. वही उघडली. अप्पांच्या अक्षरात १०४, माझ्या फाइलीत १८४. हवामान खात्याच्या भाषेत ११५.५ मिलिमीटरपर्यंत मुसळधार आणि त्यापुढे अतिमुसळधार. एका गळक्या रांजणाने तो दिवस एका वर्गातून दुसऱ्यात नेऊन ठेवला होता. ऑगस्ट १९९६ मध्ये फरक ८: वहीत ११, फाइलीत १९. हे दोन आकडे त्याच रांजणांत पडले होते हे मी सिद्ध करू शकणार नाही. पण शून्याचा आठ आणि एकचा नऊ, याखेरीज तिसऱ्या तऱ्हेची एकही अनाकलनीय चूक त्या ३,५१९ ओळींत नव्हती.

शेवटचा होता सप्टेंबर १९८८. तिथे दोष ना माझा, ना मशीनचा. चौदा तारखेच्या ओळीवर पाण्याचा थेंब पडून शाई पसरली आहे, आकडा वाचताच येत नाही, म्हणून मी टाइप करताना जागा रिकामी सोडली होती. अप्पांच्या ओल्या हाताचा थेंब असेल का? ते तर हात पुसून लिहायचे. बहुधा कौलातून गळलं असेल. खाली मात्र लाल शाईत स्वच्छ लिहिलं आहे, एकूण ४१२, शेजारी खूण. बेरीज करताना त्यांना तो आकडा दिसत होता. बाकीच्या एकोणतीस दिवसांची बेरीज ३५१.

मी पेन्सिलीला टोक केलं आणि पसरलेल्या शाईच्या बाजूला समासात ६१ लिहिलं. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून पान खिडकीकडे धरलं, डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “सहा असा लिवतत ते, बघ, शेपूट दिसता.” मला शेपूट दिसलं नाही. तिला दिसलं.

दुकानदाराने सदोष पट्टी कंपनीकडे पाठवून महिन्याभराने बदलून दिली. तोवर एकाच पट्टीवर काम चालवलं, पंखा साफ केला, कॅबिनेट पत्र्याच्या खोलीतून माजघरात आणलं. नवी पट्टी बसवून तीन दुपारी तपासली आणि मग वह्या पुन्हा काढल्या. ऑक्टोबर १९८८ चं पान समोर होतं. पहिले सहा दिवस कोरडे, अप्पांची सहा गोल शून्यं एकाखाली एक. फाइलीतला तोच महिना उघडून एकेक ओळ वाचली. सहाही शून्यंच होती.